रिटायर झाल्यावर घरभाडे भत्ता परत मागतायत, भरायचा का?

यावेळी तीन पत्रं एकाच विषयाची आलीयत, आधी चुकून दिलेले पैसे आता परत मागतायत, म्हणून बाकीचे प्रश्न (वारसा नोंद, सोसायटीचं पार्किंग वगैरे) पुढच्या अंकात घेऊ. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्यात बारकावे खूप आहेत आणि अशी वेळ बऱ्याच जणांवर येते.

प्रश्न: नमस्कार ताई, प्लीज नाव छापू नका आणि महापालिकेचं पण नाव टाकू नका, माझी पेन्शन अजून सुरू व्हायचीये. मी भांडुपला राहते, मुंबईला लागून असलेल्या एका महापालिकेत वरिष्ठ लिपिक होते, जूनअखेर रिटायर झाले. माझे मिस्टर मुंबईत एका सरकारी हॉस्पिटलात टेक्निशियन होते, त्यांना एप्रिल 2014 ला क्वार्टर मिळाली म्हणून आम्ही तिकडे राहायला गेलो आणि ऑगस्ट 2019 ला ती सोडून परत भांडुपच्या घरी आलो. तिकडे गेलो तेव्हा मी ऑफिसात पत्ता बदलल्याचा अर्ज दिला होता आणि त्याला मिस्टरांच्या अलॉटमेंट लेटरची झेरॉक्स जोडली होती, हे मला पक्कं आठवतंय. माझ्या पगारात घरभाडे भत्ता येतच राहिला, खरं सांगू का, स्लिप मी कधी नीट बघितलीच नाही, हप्ता कापून हातात किती येतात तेवढंच बघायचे. आता ऑडिटवाल्यांनी काढलंय की नवऱ्याला क्वार्टर असताना मला भत्ता देय नव्हता आणि एप्रिल 2014 ते डिसेंबर 2019 चे 3,17,400 रुपये माझ्या ग्रॅच्युइटीतून वळते करणार. एक छापील हमीपत्र दिलंय, त्यावर सही द्या नाहीतर फाइल पुढे जाणार नाही म्हणतात. ऑफिसातली मैत्रीण म्हणते सही करून मोकळी हो, कुठे कोर्टात खेटे घालतेस, मुलगा म्हणतो एक रुपया द्यायचा नाही, आणि मिस्टर काहीच बोलत नाहीत. काय करू?

उत्तर: सही करू नका. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल पण ते हमीपत्र आज आहे तसं कोरं कपाटात ठेवा. त्यात काय लिहिलेलं असतं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही स्वतः अशी हमीपत्रं लोकांकडून घेतली असतील, "सदर वसुली मला मान्य असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही" अशा अर्थाचं एक वाक्य असतं आणि पुढे भांडायची वेळ आली की समोरचा वकील पहिल्यांदा तेच वाक्य वाचून दाखवतो.

आता नियमाचं बघू, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळेल. नवरा-बायको दोघं सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असतील आणि एकाला त्याच ठिकाणी राहायला सरकारी घर मिळालं असेल तर दुसऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही, असा साधारण नियम आहे. त्यामुळे "मला तो देयच होता" असं भांडू नका, तिथे तुमची बाजू बहुतेक लंगडी पडेल. बहुतेक म्हणते कारण एक फट आहे, नियमात "एकाच ठिकाणी" असे शब्द असतात, आणि तुमचं ऑफिस एका महापालिकेच्या हद्दीत तर क्वार्टर मुंबईत. या दोन्हीला नियमाने एकच ठिकाण धरलंय की वेगळं, हे तुमच्या महापालिकेने जो नियम स्वीकारलाय त्याची प्रत हातात आल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, म्हणून ती प्रत मागा. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

तुमची खरी ताकद दुसरीकडे आहे. पैसे जास्त गेले हे एकवेळ मान्य करू, पण ते आता, तुमच्याकडून, रिटायर झाल्यावर वसूल करता येतात का? यावर सुप्रीम कोर्टाचा 18 डिसेंबर 2014 चा निकाल आहे, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, लोक त्याला व्हाइटवॉशर केस म्हणून ओळखतात. त्यात कोर्टाने पाच परिस्थिती सांगितल्यात ज्यात मालकाच्या चुकीने जास्त गेलेले पैसे वसूल करता येत नाहीत: कर्मचारी वर्ग तीन किंवा चारचा असेल तर, कर्मचारी रिटायर झालेला असेल किंवा वर्षभरात होणार असेल तर, वसुलीचा आदेश निघायच्या आधी पाच वर्षांपेक्षा जास्त काळ ते पैसे दिले जात असतील तर, चुकून वरच्या पदाचं काम करून घेतलं आणि त्या पदाचा पगार दिला असेल तर, आणि शेवटी, कोर्टाला वाटलं की ही वसुली इतकी अन्यायाची आणि जाचक आहे की मालकाच्या हक्कापेक्षा कर्मचाऱ्याचा त्रास मोठा ठरतो, तर.

तुम्ही वरिष्ठ लिपिक, म्हणजे वर्ग तीन. रिटायर झालात. आणि भत्ता पाच वर्षांच्या वर दिला गेला, तोही आदेशाच्या कितीतरी आधी. पाचातल्या तीन गोष्टी तुम्हाला लागू होतात, खरं तर एक लागू झाली तरी पुरते. मे 2022 मध्ये केरळच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात (थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य) सुप्रीम कोर्टाने परत हेच धरलं, तो माणूस 1999 ला रिटायर झालेला, जास्तीचे पैसे त्याच्या लबाडीने गेले नव्हते तर ऑफिसने नियम चुकीचा लावल्याने गेले होते, म्हणून वसुली नाही.

इथे थांबा आणि "लबाडीने" या शब्दावर परत या, कारण तुमचं प्रकरण इथे तरेल नाहीतर इथेच बुडेल. हा सगळा दिलासा कर्मचाऱ्याने काही लपवलं नसेल, खोटं लिहून दिलं नसेल तरच आहे. मी आस्थापना शाखेत नोकरी केलीय, तिथे घरभाडे भत्त्यासाठी एक दाखला भरून घ्यायची पद्धत असते, मला किंवा माझ्या पती/पत्नीला शासकीय निवासस्थान मिळालेलं नाही, खाली सही. बहुतेक जण तो चहा पिता पिता भरतात, मागच्या वर्षीचा समोर ठेवून. तुम्ही 2014 ते 2019 मध्ये असा दाखला भरून दिला होता का? दिला असेल आणि त्यात क्वार्टर नाही असं लिहिलं असेल तर ऑफिस म्हणणार की बाईंनी खोटी माहिती दिली, आणि मग रफिक मसीहचा आधार डळमळीत होतो. दाखला भरलाच नसेल, किंवा त्या वर्षांत कुणी मागितलाच नसेल (हे फार ठिकाणी होतं), तर ती ऑफिसची हयगय.

दुसरा कागद फॉर्म 16, म्हणजे ऑफिस दरवर्षी पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा देतं तो दाखला. त्या वर्षांत तुम्ही भाड्याची पावती दाखवून घरभाड्यावर इन्कम टॅक्सची सूट घेतली होती का? क्वार्टरमध्ये राहून भाड्याची पावती लावली असेल तर तो कागद तुमच्याच विरुद्ध साक्ष देईल. नसेल घेतली, भत्त्यावर पूर्ण टॅक्स भरला असेल, तर तुमचा हेतू स्वच्छ होता हे दाखवायला तो फॉर्म उपयोगी पडेल, शिवाय जी रक्कम ते मागतायत तिच्यातला काही भाग टॅक्स म्हणून आधीच सरकारकडे गेलाय हेही सांगता येईल. मुलाला बसवून सहा वर्षांचे फॉर्म काढायला सांगा, एक रुपया द्यायचा नाही म्हणतोय तर तेवढं काम त्याने करावं.

आणि तिसरा कागद, सगळ्यात महत्त्वाचा, तुमचा 2014 चा पत्ता बदलल्याचा अर्ज. तुम्ही म्हणता पक्कं आठवतंय, पण आठवणीवर आवक शिक्का नसतो. तुमच्याकडे पोच असलेली कॉपी असेल तर अर्धी लढाई जिंकलात. नसेल तरी हातपाय गाळू नका कारण असे अर्ज जातात कुठे ते मला माहितीये. पत्ता बदलल्याचा अर्ज आवक रजिस्टरला चढतो, तिथून आस्थापनेच्या टेबलावर येतो, क्लार्क सेवापुस्तकात (तुमच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) नवा पत्ता लिहितो, साहेब बाजूला सही करतात, अर्ज वैयक्तिक फाइलला लागतो आणि विषय संपला. पगार बिलाच्या टेबलावर तो कधी जातच नाही! बिलवाल्याला कुणी सांगितलंच नाही की या बाईंचा घरभाडे भत्ता बंद करा. एकाच खोलीत दोन टेबलं, मध्ये चार फुटांचं अंतर, आणि तेवढ्यात तीन लाखांची वसुली तयार होते. म्हणजे सेवापुस्तकातली पत्त्याची नोंद हाच तुमचा पुरावा आहे. तिथे हॉस्पिटलच्या वसाहतीचा पत्ता, 2014 ची तारीख आणि साहेबांची सही असेल तर ऑफिसला "आम्हाला माहितच नव्हतं" म्हणता येणार नाही. सेवापुस्तक आत्ता पेन्शनच्या फाइलबरोबर फिरत असेल, म्हणून दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची दुसरी प्रत, तुमच्याकडे असेल तर आज रात्रीच उघडून बघा.

हे सगळं मिळवायचं कसं? तोंडी मागू नका, तुमच्याच ओळखीचे लोक असतील, "देतो ना मॅडम, दोन दिवस थांबा" म्हणतील आणि ग्रॅच्युइटीचं बिल तेवढ्यात निघून जाईल. माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावा असा नियम आहे, त्याचं कारण पुढे करून अर्ज परत पाठवतात, म्हणून दोन वेगळे अर्ज करा. एकात मागा: लेखापरीक्षण आक्षेपाची प्रत, ज्या नियमाने वसुली काढली त्याची प्रत, आणि महिन्यावार तक्ता. दुसऱ्यात मागा: सेवापुस्तकाच्या सगळ्या पानांची प्रत, 2014 चा अर्ज, आणि 2014 ते 2019 मध्ये तुम्ही दिलेले घरभाडे भत्त्याचे दाखले. उत्तर 30 दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प.

महिन्यावार तक्त्यावर मी इतका जोर देते कारण तुमच्या पत्रातच एक चूक दिसतेय. क्वार्टर सोडली ऑगस्ट 2019 ला आणि वसुली धरलीय डिसेंबर 2019 पर्यंत, मग सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिने कशाचे? ऑडिटवाल्याने 69 महिने धरून सरळ 4,600 ने गुणलेलं दिसतंय, गुणून बघा, 3,17,400 बरोब्बर येतात. पण घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या टक्क्यात असतो, दरवर्षी इन्क्रिमेंट लागलं की तो बदलतो, मग 2014 ला आणि 2019 ला 4,600 च कसा? म्हणजे पगार बिलं न काढता सरासरी मारलीय. अशी एक चूक दाखवली की अख्खा आक्षेप खिळखिळा होतो. मिस्टरांच्या हॉस्पिटलकडून क्वार्टर रिकामी केल्याचा दाखला पण घेऊन ठेवा, ते बोलत नाहीत तर निदान तेवढं आणून देतील.

याच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात, नोटिशीला लेखी उत्तर द्या. लांबलचक नको, एवढं पुरे:

"आपले दि. ____ चे पत्र मिळाले. सदर वसुली मला मान्य नाही. क्वार्टर मिळाल्याची माहिती मी सन 2014 मध्ये अलॉटमेंट लेटरसह कार्यालयास लेखी दिली होती. मी वर्ग तीनची सेवानिवृत्त कर्मचारी असून मा. सर्वोच्च न्यायालयाच्या दि. 18/12/2014 च्या रफिक मसीह प्रकरणातील निर्णयानुसार माझ्याकडून वसुली करता येत नाही. मला सुनावणीची संधी न देता ग्रॅच्युइटीतून कोणतीही रक्कम कापू नये. वादात नसलेली उर्वरित रक्कम व निवृत्तिवेतन विनाविलंब अदा करावे."

दोन कॉपी न्या, एकीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख घ्या. आवक क्लार्क म्हणेल साहेबांना विचारतो, तर सरळ पोस्टात जा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा, वाद घालत बसू नका.

शेवटच्या ओळीकडे लक्ष दिलंत का? लोकांना घाबरवायला पेन्शन आणि वसुली एकाच फाइलमध्ये गुंडाळतात, खरं तर घरभाडे भत्ता पेन्शनच्या हिशोबात धरलाच जात नाही. तुमचा भत्ता बरोबर होता की चूक, याने तुमची पेन्शन एक रुपयाने बदलत नाही, मग त्या वादासाठी पेन्शन का अडवायची, हे साहेबांना शांतपणे विचारा. वाद तीन लाखांचा असेल तर बाकीची ग्रॅच्युइटी पण अडवायचं कारण नाही, आणि उशीर केला तर त्यावर व्याज मागता येतं.

समजा एवढं करूनही कापलेच, किंवा कापणारच असा आदेश हातात दिला, तर हायकोर्ट. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आहे, तुम्ही महापालिकेच्या असल्याने तुम्हाला मुंबई हायकोर्टात रिट करावी लागेल आणि त्यात वसुलीला स्थगिती मागता येते. पैसे कापून झाले तरी संपत नाही, परत मागता येतात. मैत्रीण म्हणते ते खेटे आणि वकिलाची फी याचीच भीती असते सगळ्यांना, तर ऐका, 1987 च्या विधी सेवा कायद्यात बायकांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तुमची पेन्शन कितीही असली तरी. हायकोर्टाची स्वतःची विधी सेवा समिती आहे, तिथे अर्ज करा. हे कितीतरी बायकांना माहितच नसतं आणि त्या दागिने मोडून वकील करतात.

मुलाला एक सांगा, "एक रुपया द्यायचा नाही" हे बोलायला ठीक आहे पण दाखल्यांच्या झेरॉक्स हातात येईपर्यंत ऑफिसात आवाज चढवायचा नाही. त्यात तुमच्या सहीचा खोटा दाखला निघाला तर मी दिलेला सल्ला बदलेल, मग कोर्टाऐवजी रक्कम कमी करून घेणं आणि हप्ते यावर बोलावं लागेल.

प्रश्न: ताई, मी गिरगावातून लिहितेय. माझी आतेबहीण लंडनला असते, वय 71, नवरा गेला, एकटीच भाड्याच्या घरात राहते आणि तिला तिथल्या कौन्सिलकडून भाड्यासाठी हाऊसिंग बेनिफिट मिळतं. आता कौन्सिलने पत्र पाठवलंय की वर्षभर जास्त दिले, 1,940 पौंड परत करा, का तर नवऱ्याच्या कंपनीची अर्धी पेन्शन तिला सुरू झाली ती धरली नव्हती. ती म्हणते मी फोन करून सांगितलं होतं आणि बँक स्टेटमेंट पण पाठवलं होतं. ती फार घाबरलीय, जेवत नाही नीट. तुमचा कॉलम मी तिला फोटो काढून पाठवत असते म्हणून विचारते, तिकडचं तुम्हाला काही सांगता येईल का?

उत्तर: येईल थोडंफार, आणि गंमत बघा, प्रश्न तेच दोन आहेत, चूक कुणाची आणि तुम्हाला कळायला हवं होतं का. आपल्याकडे ते कोर्टाच्या निकालातून काढावे लागतात, तिकडे सरळ नियमात लिहून ठेवलेत. पेन्शनच्या वयाच्या लोकांसाठी हाऊसिंग बेनिफिटचे 2006 चे वेगळे नियम आहेत, त्यातला 81 नंबरचा. जास्त गेलेले पैसे कौन्सिलला वसूल करता येतात, पण ते कौन्सिलच्या चुकीने गेले असतील, त्या चुकीला बहिणीने हातभार लावला नसेल, आणि पैसे किंवा पत्र आलं त्या वेळी हे जास्त आहेत हे तिला समजणं वाजवीपणे शक्य नसेल, तर वसूल करता येत नाहीत. या सगळ्या गोष्टी एकत्र लागतात, एकच सिद्ध करून भागत नाही.

पहिला भाग तिचा मजबूत वाटतो. फोन कधी केला ती तारीख मोबाइलच्या बिलात मिळेल, स्टेटमेंट पाठवल्याची पोस्टाची पावती किंवा ईमेल शोधायला सांगा, आणि कौन्सिलकडे तिच्या फाइलची, फोनच्या नोंदींसकट, प्रत मागता येते. फक्त एक बघा, तिने फोन कौन्सिललाच केला होता ना? का पेन्शनच्या सरकारी खात्याला? ती दोन वेगळी ऑफिसं आहेत, एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं आपोआप धरत नाहीत.

अडचण दुसऱ्या भागात येते. कौन्सिल बेनिफिट ठरवते तेव्हा एक पत्र पाठवते आणि त्यात तुमचं उत्पन्न आम्ही इतकं धरलंय असं लिहिलेलं असतं. त्या पत्रात नवऱ्याच्या पेन्शनची ओळ नव्हती तर कौन्सिल म्हणणार, बाई, तुम्ही वाचलं असतंत तर कळलं असतं. त्यावर तिचं उत्तर काय, हे तिनेच खरं खरं लिहायला हवं, नवरा नुकताच गेला होता, पत्रं उघडायची शुद्ध नव्हती, किंवा पत्रातला हिशोब कळला नाही म्हणून फोन केला तर समोरच्याने "सगळं ठीक आहे" सांगितलं, जे असेल ते. 71 वर्षांच्या एकट्या बाईला काय कळणं शक्य होतं हे बघतात, हिशोबनिसाला काय कळलं असतं ते नाही.

मुदत एक महिन्याची, पत्रावरच्या तारखेपासून. हे आधी करा. त्या महिन्यात ती फेरविचार मागू शकते किंवा थेट अपील करू शकते, हाऊसिंग बेनिफिटमध्ये आधी फेरविचार मागायलाच हवा अशी सक्ती नाही. अपील कौन्सिलकडेच द्यायचं, कौन्सिलने बदल केला नाही तर ते स्वतंत्र ट्रिब्युनलकडे जातं. महिना उलटून गेला असला तरी सबळ कारण असेल तर उशिरा घेतात, पण त्यावर विसंबू नका. अपिलाबरोबरच लिहा की निकाल लागेपर्यंत वसुली थांबवा, नाहीतर ते दर आठवड्याच्या बेनिफिटातून कापायला लागतात आणि भाड्याला पैसे कमी पडतात.

अजून एक गोष्ट तिने मागावी जी लोक मागत नाहीत. वसुली जरी बरोबर ठरली तरी, सगळी माहिती वेळेवर धरली असती तर तिला जितकं बेनिफिट मिळालंच असतं तेवढं त्या रकमेतून वजा करावं लागतं. वर्षभरात तिचं भाडं वाढलं असेल किंवा दुसरं उत्पन्न कमी झालं असेल तर 1,940 चा आकडा खाली येऊ शकतो. आकडा कसा काढला ते आठवड्यावार मागा (तिकडे सगळं आठवड्यावर चालतं).

तिकडे सिटिझन्स ॲडव्हाइस नावाची संस्था आहे, फुकट मदत करतात, फॉर्म भरायला बसवतात. तिथे जायला सांगा, माझा कॉलम दाखवून काही होणार नाही. आणि तिच्या ओळखीतलं कुणी तरुण, युनिव्हर्सल क्रेडिट (पेन्शनच्या वयाखालच्यांना मिळणारी सरकारी मदत) घेणारं असेल तर त्याला हा सल्ला देऊ नका. त्यात चूक सरकारची असली तरी कायद्याने वसुली करता येते, फार तर माफीची विनंती करता येते. तिची केस जुन्या बेनिफिटची आहे म्हणून तिला हा मार्ग आहे.

जेवायला मात्र सांगा. पत्र कडक भाषेत असतं, ते छापील असतं, सगळ्यांना तेच जातं.

प्रश्न: मी राज्य सरकारच्या एका खात्यात वर्ग एकचा अभियंता, चेंबूर. सातव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीत एक इन्क्रिमेंट जास्त लागलं असं वेतन पडताळणी पथकाने काढलंय. तीन वर्षांचे जास्तीचे पैसे कापणार म्हणतात. नोकरीची अजून चार वर्षं आहेत. रफिक मसीह मला लागू होईल का?

उत्तर: कठीण आहे. वर्ग एक, नोकरी शिल्लक, पाच वर्षं पण झालेली नाहीत, म्हणजे वरच्या यादीतलं काहीच लागू होत नाही, शेवटचं "अन्यायाची वसुली" सोडून, आणि चालू पगार असलेल्या अधिकाऱ्याला त्यावर दिलासा मिळणं अवघड. शिवाय वेतननिश्चितीच्या वेळी विकल्पाबरोबर तुम्ही एक वचनपत्र दिलं असणार, जास्त दिले गेले तर परत करीन. 2016 मध्ये जगदेव सिंग यांच्या प्रकरणात, ते न्यायिक अधिकारी होते, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की असं लिहून दिलेलं असेल तर ते बांधील राहतं, आणि वसुली होऊ दिली. पण त्यातच कोर्टाने ती दोन वर्षांत वाजवी हप्त्यांत करा असंही सांगितलं, तेवढं तुम्हाला उचलता येईल. म्हणजे वसुलीलाच विरोध करण्यापेक्षा हप्त्यांची विनंती आत्ताच लेखी द्या, रिटायरमेंटपर्यंत लांबलं तर एकदम ग्रॅच्युइटीवर येईल.

त्याआधी वचनपत्राची प्रत मात्र बघून घ्या, ते खरंच दिलं होतं का आणि कधी. आदेश सुनावणीशिवाय निघाला असेल किंवा हिशोब चुकीचा असेल तर तुमच्यासाठी मॅट आहे. आणि पथकाचा आक्षेप आलाच आहे तर अख्खी वेतननिश्चिती एकदा जाणकाराकडून तपासून घ्या, ती चुकते तेव्हा दोन्ही बाजूंनी चुकलेली मी बघितलीय, एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी, आणि कमी दिलेलं स्वतःहून कुणी काढून देत नाही.